राखणदाराची मजुरी कोण देणार?



गेल्या वर्षी उलंगवाडीच्या दिवसांत आपल्या एका कार्यकर्त्याच्या पायात तुरीचे धसकट घुसले. असे धसकट कोणाच्या पायात गेलेले नाही? त्याने नेहमीप्रमाणे हळद दाबली. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून चार गोळ्या आणल्या, दोन खाल्ल्या, ठणका कमी झाला म्हणून दोन कोनाड्यात ठेवून दिल्या. आठ दिवसांत पाय सुजला. मग गावातल्या डॉक्टरचे इंजेक्शन, मग तालुक्याचे, मग जिल्ह्याचे. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या उशाशी जखमेच्या पुवाचा तपासणी रिपोर्ट होता. डावीकडे चौदा औषधांची नावे, उजवीकडे प्रत्येकापुढे एक अक्षर. बारा नावांपुढे 'आर' लिहिले होते. आर म्हणजे रेझिस्टंट. त्या जिवाणूला हे औषध लागू पडत नाही. उरलेल्या दोनांपैकी एक त्याच्या मूत्रपिंडाला झेपेना. दुसऱ्याचा रोजचा खर्च क्विंटलभर कापसाच्या घरात जात होता. पायाची दोन बोटे देऊन आणि एकरभर रान गहाण टाकून माणूस घरी आला.

त्याच्या घरधनिणीने मला विचारले, "भाऊ, तुम्ही शिकलेले. चंद्रावर यान जाते, मग एक नवे औषध का निघत नाही?" मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. हा अग्रलेख ते उत्तर आहे. दवाखान्याचा विषय शेतकऱ्यांच्या पत्रकात कशाला, असे कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

अळीचे तेच जिवाणूचे

'औषध लागू पडत नाही' म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला शिकवावे लागत नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा गुण कपाशीत घातला, बोंडअळीची कटकट संपली असे वाटले. २००६ साली एकाऐवजी दोन विषांचे वाण आले. २०१० साली गुजरातेतल्या शेंदरी बोंडअळीवर पहिले विष चालत नसल्याचे बियाणे कंपनीनेच कबूल केले. पुढे पाचेक वर्षांत दुसऱ्या विषाचीही तीच गत झाली, आणि २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कोणी विसरलेला नाही. अळी काही शाळेत जाऊन शहाणी झाली नाही. लाखो अळ्यांत विष न बाधणाऱ्या दोन-चार आधीपासून होत्याच. बाकीच्या मेल्या, यांना रान मोकळे मिळाले. आश्रयाच्या ओळी लावायला दिलेली १२० ग्रॅमची पुडी आपण बांधावर फेकली, कारण तिच्यातले बी धड उगवतही नसे, आणि वर फरदड घेऊन अळीला वर्षभर खाऊ घातले.

जिवाणूंचे गणित हेच आहे, फक्त वेग निराळा. अळीच्या एका पिढीला महिना लागतो. सोयीची जागा मिळाली तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. दुसरे असे, की अळी आपला गुण आपल्या पिलांनाच देते. जिवाणू तो शेजारच्या परजातीच्या जिवाणूलाही देतो, शेजाऱ्याला बियाणे उसने द्यावे तसा. म्हणून एका रोगाच्या जिवाणूने कमावलेली ताकद दुसऱ्या रोगाच्या जिवाणूकडे जाते. औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे मेली, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

औषधे आली ती मातीतून

माझी पदवी शेतीची आहे, म्हणून ही हकिगत सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. क्षयावरचे पहिले खरे औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, ते अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या कृषी महाविद्यालयात. सेल्मन वाक्समन हे तिथले मातीचे शास्त्रज्ञ आणि अल्बर्ट शॅट्झ हा त्यांचा विद्यार्थी. शॅट्झला औषध देणारे जे दोन जिवाणू मिळाले, त्यातला एक शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतला होता आणि दुसरा कोंबडीच्या घशातला. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, तो याच कुळातल्या जिवाणूंनी केलेल्या द्रव्याचा असतो. आपण ज्याला सुगंध म्हणतो, तो औषधांच्या कारखान्याचा वास आहे.

मिसुरी विद्यापीठात सॅनबॉर्न नावाचे प्रयोगाचे शेत आहे. फेरपालट आणि खतांचे प्रयोग तिथे १८८८ पासून चालू आहेत. त्या शेतातल्या गवताच्या एका तुकड्यातली माती बेंजामिन डुगर या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेली आणि तिच्यातून १९४८ साली ऑरिओमायसिन जगापुढे आले. टेट्रासायक्लिन घराण्यातले हे पहिले औषध. फिलिपाईन्समधल्या इलोइलोची माती अबेलार्डो अगिलार या डॉक्टरने १९४९ साली अमेरिकन कंपनीला पाठवली. तिच्यातून एरिथ्रोमायसिन निघाले आणि १९५२ साली बाजारात आले. माती देणाऱ्या अगिलारला रॉयल्टी मिळाली नाही. कच्चा माल देणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे आपल्याला नवीन नाही.

मातीतले जिवाणू ही औषधे माणसासाठी करत नाहीत. चिमूटभर मातीत कोट्यवधी जीव अन्नासाठी भांडत असतात, आणि ही त्यांची एकमेकांवर चालवायची हत्यारे आहेत. त्यातली थोडी आपण उचलली. पण जिथे हत्यार आहे तिथे ढालही असते. औषधाला दाद न देण्याचा गुणही मातीत फार जुना आहे. आपण औषधांचा मारा वाढवला आणि ती ढाल माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंच्या हाती गेली.

विहीर आटली, मग खोल बोअर

१९४० ते १९६० ही वीस वर्षे सुगीची गेली. नंतर जगभरची माती तपासली तरी तीच ती औषधे पुन्हा हाती येऊ लागली. कारण साधे होते. मातीतल्या शंभर जिवाणूंपैकी नव्याण्णव प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. वाढणारे जे एक, त्यालाच सगळे शोधत बसले होते.

शिवाय जिवाणू मारणे सोपे आहे. तो फिनाईलनेही मरतो. अवघड आहे ते जिवाणू मारून माणसाला जिवंत ठेवणे. तणनाशकाचे उदाहरण घ्या. टू-फोर-डी ज्वारीत मारले तर रुंद पानांचे तण जळते आणि ज्वारी उभी राहते. तेच वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेले तर कपाशीचा सत्यानाश. औषधही असेच निवडक लागते. पेनिसिलिन जिवाणूच्या अंगाभोवतीची भिंत बांधू देत नाही. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते, म्हणून माणूस वाचतो. असे दुसरे मर्मस्थान शोधायला वर्षे जातात. आज सगळ्यांत जास्त छळणाऱ्या काही जिवाणूंना दुहेरी आवरण असते, शिवाय आत शिरलेले औषध उपसून बाहेर फेकणारे पंप असतात. या जिवाणूंवर अगदी नव्या घराण्याचे औषध दवाखान्यात येऊन पन्नासहून अधिक वर्षे झाली.

तरी शास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. बोस्टनच्या किम लुईस आणि स्लावा एपस्टाईन यांनी एक साधी युक्ती केली. माती पाण्यात इतकी पातळ केली की पट्टीच्या एकेका छिद्रात एकेकच जिवाणू उतरेल. छिद्रांना बारीक पडदे लावले आणि ती पट्टी पुन्हा मातीतच पुरली. जो जिवाणू बशीत रुसत होता तो आपल्या घरी वाढला. त्यातून टेक्सोबॅक्टिन हे द्रव्य मिळाले आणि २०१५ साली जाहीर झाले. ते मिळाले मेन राज्यातल्या एका गवताळ रानाच्या मातीत. कॅनडात हॅमिल्टन गावच्या एका परसातली माती जेरी राईट यांच्या प्रयोगशाळेने वर्षभर तशीच ठेवली, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंनाही वेळ मिळाला. त्यातून लॅरिओसिडिन सापडल्याची बातमी २०२५ च्या मार्चमध्ये आली. २०२४ साली झोसुराबाल्पिन या द्रव्याची माहिती छापून आली. त्या दुहेरी आवरणाचा माल आतून बाहेर जाण्याची वाटच ते अडवते. यांपैकी कोणतेच अजून मेडिकलच्या फळीवर नाही. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे नसते.

आपल्याकडेही काम झाले आहे. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेल्या एनमेटाझोबॅक्टमच्या जोडऔषधाला २०२४ साली अमेरिकेची परवानगी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरात संशोधन झालेले नाफिथ्रोमायसिन पुढे आले. वोक्हार्ट कंपनीचे हे औषध न्यूमोनियावर रोज एकदा, तीन दिवस घ्यायचे. ते एरिथ्रोमायसिनच्याच घराण्यातले, म्हणजे त्याची मूळ वंशावळ फिलिपाईन्सच्या त्या मातीत जाते. त्याला सुमारे चौदा वर्षे लागली आणि सुमारे ५०० कोटी रुपये. त्यात सरकारी मदत ८ कोटींची होती. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचा मुद्दा त्यांचाच आहे.

खरी अडचण भावाची

अमेरिकेत अकाओजेन नावाची कंपनी होती. तिने प्लाझोमायसिन हे स्ट्रेप्टोमायसिनच्या घराण्यातले नवे औषध तयार केले. इतर औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर ते चालते. २०१८ च्या जूनमध्ये त्याला परवानगी मिळाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळे काढले. पीक चांगले आले आणि शेतकरी बुडाला, असेच हे झाले. औषधाचा लिलाव झाला आणि मुंबईच्या सिप्लाच्या अमेरिकन शाखेने ते घेतले.

दिवाळे का निघाले? रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर रोज घेतो. जिवाणूवरचे औषध आठ-दहा दिवस घेतो आणि बरा होतो. त्यातही औषध नवे असले तर शहाणा डॉक्टर ते कपाटात ठेवतो, कारण रोज वापरले तर तेही बीटीच्या वाटेने जाईल. म्हणजे औषध जितके मोलाचे तितका त्याचा खप कमी. नगावर पैसे मिळवायचे म्हटले तर कंपनीपुढे दोनच रस्ते उरतात. एक, खप वाढवायचा आणि औषध लवकर निकामी करायचे. दोन, भाव असा लावायचा की आपल्या त्या कार्यकर्त्याला रान गहाण टाकावे लागेल. तिसरा रस्ता म्हणजे हा धंदाच सोडायचा. बऱ्याच बड्या कंपन्यांनी तोच धरला.

आता हुरड्याला आलेली ज्वारी डोळ्यांपुढे आणा. माचीवर गोफण घेऊन राखणदार बसतो. संध्याकाळी आपण त्याला किती पाखरे मारली असे विचारून मजुरी देतो का? पाखरांमागे पैसे ठरवले तर तो दिवसभर दगड भिरकावत कणसेच झोडपील. त्याला आपण दिवसावर मजुरी देतो. तो माचीवर आहे, हेच त्याचे काम. एकही दगड न मारता दिवस गेला तर राखण उत्तम झाली.

नव्या प्रतिजैविकाची मजुरी अशीच द्यायला हवी. इंग्लंडने २०२२ पासून दोन औषधांसाठी हेच केले. औषध किती खपले हे न पाहता कंपनीला वर्षाला ठरावीक रक्कम, एकेका औषधाला जास्तीत जास्त १ कोटी पौंड. औषध कपाटात राहिले तरी पैसे मिळतात, म्हणून कंपनीला ते खपवण्याची घाई नाही आणि डॉक्टरला जपून वापरण्याची मोकळीक आहे.

कोणी विचारील, एकाधिकार खरेदीचा अनुभव घेतलेले आपण लोक, सरकारने खरेदी करावी असे कसे म्हणतो? प्रश्न रास्त आहे. कापूस जितका खपेल तितके पिकवणाराचे आणि वापरणाराचे दोघांचेही भले होते, म्हणून तिथे सरकारने मध्ये तोंड घालू नये. इथे माल जितका कमी वापरला जाईल तितके सगळ्यांचे भले आहे. असा माल बाजाराच्या काट्यावर तोलता येत नाही. मात्र मागणी एकतर्फी नको. सरकारने राखणीची मजुरी द्यावी आणि बदल्यात ते औषध जिल्हा रुग्णालयात गरजूला परवडेल अशा दरात मिळावे, हे करारातच लिहून घ्यावे. सरकारला औषधांच्या धंद्यात हात घालणे परके नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती सरकारी कंपनी म्हणूनच. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिंपरीच्याच मातीतून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध काढले होते.

आपल्या पदराला लागलेला चिखल

आता थोडे स्वतःविषयी. चळवळीत येण्याआधी आणि आल्यावरही मी गावोगाव कपाशीच्या फवारणीचे सल्ले दिले. पानांवर कोनाकार ठिपके पडले की कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी घाला, असे सांगत होतो. जिवाणूच्या करप्यापुरती ती शिफारस पुस्तकातली होती. पण पुढे लाल्या आला तरी पुडी, पातेगळ झाली तरी पुडी, काहीच नसले तरी पंपात असावी म्हणून पुडी, असे झाले. मला ते दिसत होते आणि मी अडवले नाही. त्या पुडीत काय असते? नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. क्षयाच्या माणसासाठी मातीतून शोधलेले औषध आपण लाल्यावर ओतत होतो, आणि लाल्या जिवाणूंमुळे होतच नाही. पुडीचे पैसे फुकट गेले ते वेगळेच. शेतीतला हा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात काढला. कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यातल्या कोलिस्टिनवर, म्हणजे डॉक्टरांच्या हातातल्या अखेरच्या औषधांपैकी एकावर, २०१९ च्या जुलैत बंदी आली.

पण सगळे खापर शेतकऱ्याच्या डोक्यावर फोडणारांनाही विचारले पाहिजे. हैदराबादजवळ पाटणचेरूला सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी जिथे एकत्र येई, तिथल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. २००७ साली ते छापून आले. रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. त्या पाण्याने तिथल्या शेतकऱ्यांची भातखाचरे नासली. २०२० च्या जानेवारीत सरकारने सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या मर्यादांचा मसुदा काढला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये पक्के नियम आले तेव्हा त्या मर्यादा गाळून टाकल्या. नवे औषध शोधायला चौदा वर्षे आणि जुने नाल्यात सोडायला एक रात्र, असा हा कारभार आहे.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचे ठराव

१. नव्या प्रतिजैविकांसाठी केंद्राने खपावर नव्हे, तर वर्षाच्या ठरावीक रकमेवर खरेदीचा करार करावा आणि औषध जिल्हा रुग्णालयात रास्त दरात मिळण्याची अट घालावी.

२. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांच्या गाळलेल्या मर्यादा पुन्हा घालाव्यात.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जखम, लघवी आणि थुंकीतला जिवाणू ओळखून त्याला कोणते औषध चालते हे तपासण्याची सोय असावी आणि रिपोर्ट वेळेत मिळावा.

४. कृषी विद्यापीठांनी कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यासाठी माणसाची औषधे न लागणारा उपाय आणि दाद देणारे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावेत.

हे चार ठराव दुसऱ्यांनी करायच्या कामाचे झाले. पाचवा आपला. माणसाचे औषध पंपात जाणार नाही. ज्या पाकिटावर लाल उभी रेघ आहे ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून घ्यायची नाही, डॉक्टरने सांगितलेले दिवस पुरे करायचे, आणि उरलेली गोळी शेजाऱ्याला द्यायची नाही. सर्दी-पडशाला ही औषधे चालतच नाहीत, तेव्हा डॉक्टरने दिली नाहीत म्हणून त्याच्यावर रागवायचेही नाही.

त्या माउलीला आता माझे उत्तर असे आहे. औषध निघते, बाई. मातीतून निघते, आपल्या मराठवाड्यातही निघते. ते निघाल्यावर राखणीला बसवायचे की पहिल्याच हंगामात उधळायचे, आणि त्याची मजुरी कोणी द्यायची, एवढेच ठरायचे आहे. बैठकीला येताना हे पत्रक बरोबर आणावे, आणि गावात कोणाच्या उशाशी तसा 'आर' लिहिलेला रिपोर्ट असेल तर तोही आणावा.